कप नाही, आता लीगही नाही: एफसी गोवाच्या चाहत्यानं काय करावं?

वाचकाचं पत्र (ऑगस्ट 2025)

ताई, कुडाळला माझं मेडिकलचं दुकान आहे. 2014 पासून मी एफसी गोवा या फुटबॉल संघाचा चाहता. यंदा 6 एप्रिलला बेंगळुरूच्या छेत्रीनं इंज्युरी टाइममध्ये हेडर मारला आणि आम्ही पुन्हा सेमीफायनलला बाहेर पडलो. त्यानंतर दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. मेमध्ये सुपर कप जिंकला, पण तो आनंद आठवडाभरही पुरला नाही. आता रोज रात्री दुकान बंद केलं की तासभर मोबाइलवर कोण येणार, कोण जाणार हेच बघत बसतो. त्यात आता लीग होणार की नाही तेच कळत नाही. मुंबईचा मावसभाऊ मुंबई सिटीवाला, तो म्हणतो, "तुमचं सगळं आम्ही नेलं." बायको म्हणते, "टीम खेळत असते तेव्हा तुम्ही आमचे नसता, आणि आता खेळत नाही तरी नसताच." नऊ वर्षांच्या मुलाला मँचेस्टर सिटीची जर्सी हवीय. त्याला गोव्याच्या नादाला लावू की नको? आणि मी स्वतः हा नाद सोडून देऊ का?

— कुडाळचा गौर

उत्तर

नाद सोडू नका. पण रात्रीचा तो तासभराचा मोबाइल मात्र आजपासून बंद करा. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तुम्हाला वाटतंय की सोडायचं तर दोन्ही सोडावं लागेल. तसं नाही.

आधी तुमच्या दुःखाबद्दल. मी मडगावची, त्यामुळे मला ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही. "खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं तुम्हाला बरेच जण म्हणाले असतील. मी म्हणणार नाही. अकरा वर्षांत आपल्या संघानं जे पाहिलं ते दुसऱ्या कुठल्या संघाच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही. 20 डिसेंबर 2015, इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल, मडगावातलं आपलं फातोर्डा स्टेडियम. 87व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल केला, आपण 2-1 पुढे, स्टेडियम डोक्यावर घेतलेलं. 90व्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरच्या नावावर स्वयंगोल लागला आणि दोन मिनिटांत मेंडोझानं चेन्नईला कप मिळवून दिला. 2019च्या फायनलला मुंबईत बेंगळुरूविरुद्ध एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, पेनल्टीची तयारी सुरू, आणि 117व्या मिनिटाला राहुल भेकेचा हेडर. 24 एप्रिल 2024ला सेमीफायनलमध्ये तर 90व्या मिनिटापर्यंत मुंबईविरुद्ध आपण 2-0 पुढे होतो. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत तीन गोल, तेही फातोर्ड्यात. यंदाही तेच: पहिल्या सामन्यात बेंगळुरूत 0-2, इथे एरेरा आणि सादिकू यांनी दोन गोल फेडले, आणि 92व्या मिनिटाला छेत्री.

यावर आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत पण तुमच्या मनात असणार. 2015 ते 2023 या काळात आयएसएलच्या पाच फायनल फातोर्ड्यात झाल्या. चेन्नई, कोलकाता, मुंबई, हैदराबाद, मोहन बागान, सगळ्यांनी आपल्या मैदानावर कप उचलला. आपण नाही.

तेव्हा दोन दिवस न बोलणं मला समजतं. मात्र हा आकडा दर वर्षी वाढत चाललाय का, हे स्वतःला विचारा. बायकोच्या वाक्याकडे मी नंतर येते, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

आता मावसभावाचं बोलणं. तो खोटं बोलत नाही, म्हणून ते लागतं. 2020च्या जानेवारीच्या शेवटी आपण गुणतक्त्यात वर असताना प्रशिक्षक लोबेराला काढलं. क्लिफर्ड मिरांडानं संघ सांभाळला, जमशेदपूरला 5-0 हरवून आपण लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाला मिळते ती) जिंकली, आणि त्यानंतरच्या सुट्टीत लोबेरा मुंबईला गेला. त्याच्यामागोमाग बूमू, जाहू, फॉल आणि आपला मंदार राव देसाईसुद्धा. मंदार पहिल्या हंगामापासून आपल्याकडे होता. पुढच्याच वर्षी त्या संघानं सेमीफायनलला आपल्याला पेनल्टीवर 6-5 हरवलं, शील्डही नेली आणि कपही. त्यानंतर आंगुलो गेला. 2024मध्ये ब्रँडन गेला. ब्रँडननं तर त्या 24 एप्रिलला मुंबईविरुद्ध गोल केला होता आणि पुढच्या हंगामात तो मुंबईच्याच जर्सीत दिसला. हे पाहताना पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे.

पण मावसभावाला हेही विचारा: 2021च्या फायनलला 90व्या मिनिटाला त्यांना कप जिंकून देणारा बिपिन सिंग आता कुठे आहे? या उन्हाळ्यात ईस्ट बंगालला. अपुइया? गेल्या वर्षी मोहन बागानला. नोगुएरा आणि पेरेइरा दियाझ? बेंगळुरूला. भांडायला म्हणून विचारू नका. त्यालाही रात्री झोप येत नसणार म्हणून विचारा. भारतात एखाद्या क्लबात पाच-सहा वर्षं टिकणारा खेळाडू विरळा. परदेशी खेळाडूंचे करार बहुतेक एक-दोन वर्षांचे असतात, भारतीय खेळाडूची कारकीर्द तिशी ओलांडली की उतरणीला लागते, आणि कोलकात्याचे मोठे क्लब जास्त पैसे देऊ शकतात. गोव्याच्या गावात वाढलेल्या मुलाला दोन वर्षांत घर बांधता येईल एवढे पैसे कुणी देत असेल, तर तो जाणार. त्यानं जावं. त्याला गद्दार म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

लक्ष्मीकांत कट्टीमणीचं उदाहरण मला यासाठी नेहमी आठवतं. 2015च्या त्या स्वयंगोलवर ज्याचं नाव लागलं तो कट्टीमणी, गोव्याचाच मुलगा. त्या रात्री मडगावात त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे, इथे लिहिणार नाही. तरीही तो पुढे काही वर्षं आपल्याकडेच राहिला, नंतर हैदराबादला गेला. 20 मार्च 2022, पुन्हा फातोर्डा, पुन्हा फायनल. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, 1-1, मग पेनल्टी. कट्टीमणीनं तीन पेनल्टी अडवल्या. ज्या मैदानावर त्याच्या हातून कप निसटला होता, तिथेच त्यानं तो उचलला. जर्सी दुसऱ्याची होती, हे खरं. पण त्या रात्री स्टँडमधल्या आमच्यापैकी कितीतरी जणांना रडू आलं आणि ते दुःखाचं नव्हतं. हैदराबादचा प्रशिक्षक कोण होता, आठवतंय? मानोलो मार्केझ. त्याच मानोलोनं यंदा 3 मेला जमशेदपूरला 3-0 हरवून आपल्याला सुपर कप मिळवून दिला. ही माणसं एका क्लबातून दुसऱ्यात जातात, पण आपल्या आयुष्यातून जात नाहीत. त्यांच्या जाण्याचा हिशेब प्रत्येक उन्हाळ्यात मांडत बसलात तर हाती काही येणार नाही.

आणि जिंकलेलं मोजा की जरा. 2019चा सुपर कप, 2020ची शील्ड, 2021चा ड्युरँड कप, 2025चा सुपर कप. दोनदा सुपर कप जिंकणारा आपला पहिला क्लब. यंदा लीगमध्ये 48 गुण घेऊन दुसरे आलो, फक्त मोहन बागानच्या मागे. एप्रिल 2021मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत खेळणारे पहिले भारतीय आपण. लॉराँ ब्लाँ प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल-रय्यानशी 0-0, अल-वहदाशी 0-0, आणि इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियानं गोल करून काही मिनिटं आघाडी घेतली होती. हे सगळं फातोर्ड्यात घडलं आणि करोनामुळे स्टँड रिकामे होते. क्लबच्या इतिहासातले ते सगळ्यात मोठे सामने आपण टीव्हीवर बघितले. मला कपापेक्षा या गोष्टीची हळहळ जास्त वाटते, आणि त्याचं कारण पत्राच्या शेवटच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. तिथे येतेच.

आता लीगचं. मोबाइलवर रोज जे वाचता त्यातलं निम्मं अंदाजांवर चाललेलं असतं, म्हणून आज, ऑगस्ट 2025मध्ये, जे पक्कं आहे तेवढंच सांगते. आयएसएल चालवणारी एफएसडीएल ही कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला 15 वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025ला संपतो. त्यापोटी कंपनी महासंघाला वर्षाला 50 कोटी देत आली आहे. हंगाम सप्टेंबरात सुरू झाला असता तर त्याच्या मध्यावरच करार संपला असता, म्हणून 11 जुलैला कंपनीनं क्लबांना आणि महासंघाला कळवलं की हंगाम थांबवून ठेवत आहोत. महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात आहे, निकाल राखून ठेवला आहे, आणि तो येईपर्यंत महासंघाला नवा करार पुढे नेता येत नाही. त्यामुळे क्लबांना जाहिरातदार मिळेनात, खर्चाचा अंदाज बांधता येईना. बेंगळुरूनं खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईनंही काम थांबवलं. राग यायलाच हवा, मलाही येतो. शेकडो खेळाडू, त्यांचे फिजिओ, मैदान राखणारे, बस चालवणारे या सगळ्यांचा घरखर्च यात अडकला आहे. आपल्या गोव्याला तर याच जुलैत आणखी एक धक्का बसला. एप्रिलमध्ये महासंघानं आय-लीगचं, म्हणजे आयएसएलच्या खालच्या लीगचं, विजेतेपद चर्चिल ब्रदर्सला दिलं, आणि लोझानच्या क्रीडा लवादानं ते काढून इंटर काशीला दिलं. चर्चिलच्या पोरांनी उचललेला कप मैदानावर नाही, कागदावर गेला.

पण यातलं काहीही तुम्ही रात्री अकरा वाजता कुडाळात मोबाइल बघून बदलू शकत नाही. कोर्टाचा निकाल यायचा तेव्हा येईल आणि त्या दिवशी तो तुम्हाला कुणीतरी कळवेलच. या बाबतीत माझा सल्ला अगदी रुक्ष आहे: आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, दहा मिनिटं बातम्या वाचा आणि मोबाइल ठेवून द्या. खेळाडूंच्या अफवा तर अजिबात नकोत. क्लबनं जाहीर केलं की खरं, त्याआधी नाही.

उरलेल्या वेळात बघायचंच असेल तर संघात कोण राहिलं ते बघा. एरेरा आहे, द्राझिच आहे, मागे झिंगन आहे. आणि ब्रायसन फर्नांडिस. हा पोरगा मडगावातला, आपल्याच खालच्या संघातून वर आलेला, आणि यंदा लीगमधला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. त्याचे मागच्या हंगामातले गोल पुन्हा लावा आणि चेंडू पायाशी येण्याआधी तो कुठे बघत असतो तेवढंच बघा. गोलकीपर कुठे उभा आहे, बचावपटू कुठल्या पायावर वजन टाकून आहे, हे तो धावता धावता टिपतो आणि चेंडू आला की दुसऱ्या स्पर्शाला मारतो. कोण येणार-जाणार हे बघण्यापेक्षा यात जास्त फुटबॉल आहे.

आणि बघायचंच तर गोव्याचं बाकीचं फुटबॉल बघा. तुम्ही कुडाळचे, तुमच्यासाठी गोवा म्हणजे 2014 नंतरचा एफसी गोवा. आम्ही त्याआधी साळगावकर, धेंपो, चर्चिल, स्पोर्टिंग या गोव्यातल्या क्लबांवरून घरात भांडायचो. 2004-05 ते 2012-13 या नऊ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा गोव्यात आलं, पाच वेळा एकट्या धेंपोकडे. उरलेलं एक मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं नेलं, आणि तो क्लब पुढे बंदच झाला. मावसभावाला हेही सांगा, त्याला माहीत नसेल. 2016मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, संपलं सगळं. संपलं नाही. गावागावांतल्या स्पर्धा चालू राहिल्या, राज्य लीग चालू राहिली, धेंपो 2024-25मध्ये आय-लीगला परतला. पावसाचा जोर ओसरला की म्हापशाच्या दुलेरला, नागोव्याला, राय गावच्या मैदानावर सामने सुरू होतील. कुडाळहून म्हापसा काही लांब नाही. दुलेरच्या कठड्याला टेकून बघा एकदा: पन्नाशीतले बाप्ये लाइन्समनला कोकणीतून शिव्या देत असतात, आणि पुढच्या ब्रायसनला पहिल्यांदा बघणारे तेच असतात. आयएसएल एक वर्ष झाली नाही तरी हे थांबणार नाही. तुमचा नाद इथे रुजवा, मग एखादा करार संपला म्हणून तो सुकणार नाही.

आता बायकोचं वाक्य. ती म्हणते, टीम खेळत नसतानाही तुम्ही घरात नसता. तिचं शंभर टक्के बरोबर आहे. सामन्याच्या दिवशी तुम्ही तिथे नसलात तर ती समजून घेते, दहा-अकरा वर्षं घेतेच आहे. पण ऑगस्टच्या मंगळवारी रात्री, सामना नाही, काही नाही, तेव्हाही तुम्ही समोर बसून नसल्यासारखे असाल तर ते तिनं का सोसावं? सुट्टीचे हे महिने खरं तर तिचे आणि मुलाचे असायला हवेत. खेळाडूसुद्धा या दिवसांत घरी जातात, आईच्या हातचं जेवतात, गावातल्या पोरांबरोबर खेळतात. तुम्ही चाहते आहात, तुम्हालाही सुट्टी आहे. चतुर्थी तोंडावर आली आहे. माटोळीचं सामान, घराची साफसफाई, पाहुणे, कामं कमी नाहीत. दुकान बंद केल्यावरचा तो तास तिला द्या. माफी मागायला बसू नका, काही जाहीरही करू नका, नुसते तिथे असा. दोन आठवड्यांत तिला फरक कळेल.

मुलाबद्दल. मँचेस्टर सिटीची जर्सी खुशाल घेऊन द्या. हालांड आवडणं यात वाईट काही नाही. नऊ वर्षांच्या मुलाला टीव्हीवर जे रोज दिसतं ते आवडणार. त्याच्यावर गोवा लादू नका, आणि "आपली टीम" असं म्हणून तुमचं दुःख तर मुळीच देऊ नका. एप्रिलमधले ते दोन दिवस त्यानंही बघितले आहेत. त्याच्या लेखी गोव्याचं फुटबॉल म्हणजे न बोलणारे बाबा असेल, तर त्यानं मँचेस्टर निवडलं हे शहाणपणच आहे. त्याला गोवा दाखवायचा तर मैदानावर दाखवा. टीव्हीवर फुटबॉल कळतं, पण बुटाचा चेंडूला लागलेला आवाज आणि गोल होण्याआधी सगळ्यांनी एकदम घेतलेला श्वास टीव्हीवर ऐकू येत नाही.

त्यासाठी थांबायची गरज नाही. लीग थांबली असली तरी एक सामना ठरलेला आहे. येत्या बुधवारी, 13 ऑगस्ट 2025ला, संध्याकाळी फातोर्ड्यात एफसी गोवा विरुद्ध ओमानचा अल-सीब. सुपर कप जिंकल्यामुळे आपल्याला आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या (आशियातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) पात्रता फेरीत जागा मिळाली, आणि हा एकच सामना जिंकलो की आपण गट साखळीत. म्हणजे तुमचा तो आठवडाभरही न पुरलेला सुपर कप अजून चालूच आहे. समोरचा संघ सोपा नाही, अल-सीब 2022 साली एएफसी कप जिंकलेला क्लब आहे. आपले खेळाडू महिनोन् महिने स्पर्धेचा सामना न खेळता उतरतील. हरूही शकतो. पण 2021मध्ये आशिया आपल्या दारात आला होता तेव्हा स्टँड रिकामे होते. या वेळी दारं उघडी आहेत. भारतातला एकही मोठा क्लब हंगाम कधी सुरू होणार हे सांगू शकत नसताना फातोर्ड्यात माणसं भरलेली दिसणं याला महत्त्व आहे. चाहत्याच्या हातात या उन्हाळ्यात एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

कुडाळहून मडगाव रेल्वेनं दोन-अडीच तास. दुपारीच निघा, पावसात गाड्या रेंगाळतात. स्टेशनवरून फातोर्डा जवळच आहे. मुलाला रेनकोट घाला, छत्री नको, मागच्यांना दिसत नाही आणि गेटवर अडवतात. लवकर पोचा आणि सरावाला खेळाडू बाहेर येतात तेव्हा त्याला घेऊन खाली पुढच्या रांगेत जा. ब्रायसन कोण ते बोटानं दाखवा, बाकी काही सांगू नका. तो हालांडची जर्सी घालून आला तरी घालू द्या, फातोर्ड्यात त्याला कुणी काही म्हणणार नाही. हरलो तर बाहेर पडताना त्याला रोस आमलेट खाऊ घाला आणि त्याच्याशी बोला, सामन्याबद्दल किंवा दुसऱ्या कशाहीबद्दल, पण बोला. परतीची गाडी रात्री सोयीची नसेल, म्हणून मडगावातच मुक्काम ठेवा. गुरुवारी शाळा बुडेल, ती एक दिवस बुडू दे. बायकोला आधी विचारा, आणि ती हो म्हणाली तर तिकिटं तीन काढा.